हवालदाराला जिंकू द्यायचं नाही

हवालदार जिंकायला लागला आणि आमचं बिंग फुटलं. हरत राहिला असता तर त्याला संशयच आला नसता.

हवालदार म्हणजे सयाजी जाधव. सैन्यात सिग्नलला चोवीस वर्षं काढून गावी आला, ऊस लावला, दोन पोरींची लग्नं केली. आता सदुसष्टचा आहे. उंब्रजला सर्व्हिस रोडच्या आतल्या बाजूला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात, मी त्यांत नवी तार भरून देतो. दुपारी तीननंतर काम सैल पडलं की मागच्या शेडमध्ये चटई अंथरायची आणि मेंढीकोट खेळायचं, हा आम्हा चौघांचा अठरा वर्षांचा नेम. पैसे लावायचे नाहीत, पण भांडायचं पोटभर. मी आणि सयाजी एका बाजूला. समोर सिद्धू सुतार आणि नानासो. नानासो माणदेशातला धनगर. त्याचा बाप मेंढरं घेऊन आमच्या बाजूला यायचा, हा इथंच रुजला. मेंढीकोटात दश्श्यांना मेंढ्या म्हणतात, आणि ज्याच्या पदरात जास्त मेंढ्या तो जिंकला. त्यामुळं "मेंढ्या माज्याच, तुमी नुसत्या राखायच्या," असं नानासो पानं पिसतानाच सांगून टाकायचा.

सयाजीशी खेळणं म्हणजे झडती देणं. कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं, सगळं त्याच्या डोक्यात. "सिद्धू, इस्पिकची राणी दडवून बसलायस. टाक," असं म्हणायचा, आणि ती सिद्धूकडंच असायची. माणूस मुळातच संशयी. सिग्नलमध्ये दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकायची सवय लागली होती, ती घरी येऊनही सुटली नाही. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

पाच वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कराडला दाखवलं, मग सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांना. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या, घड्याळाच्या ठोक्यावर घ्यायच्या. चाल आखूड झाली, आवाज बारीक झाला, आणि चेहरा हलायचा थांबला. हसला तरी कळेना, रागावला तरी कळेना. तिसऱ्या वर्षी हुकूम कशाचा ते तो विसरायला लागला. एकदा विचारायचा, दोनदा विचारायचा, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटून काहीतरी टाकायचा. आम्ही हरायचो. सांगलीच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, बनुबाईला, सगळं समजावलं होतं. काहींच्या बाबतीत हा आजार विचारशक्तीवरही येतो, संशय वाढतो, नसलेलं दिसतं. शेवटी म्हणाले होते, "काहीही करा, पण घरात कोंडू नका. माणसांत राहू द्या."

मागच्या चैत्रात एक दिवस असा आला की आम्ही लागोपाठ तीन कोट खाल्ले, म्हणजे तिन्ही डावांत चारही मेंढ्या समोरच्यांच्या. तिन्ही सयाजीच्या चुकीनं. सिद्धू हसला. वाईट मनानं नाही, नेहमीसारखाच हसला. सयाजीनं पानं खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेला. घर त्याचं नदीकडं. पण तो उलटा वळला आणि महामार्गाच्या पुलाखाली गेला. दोन तास घरी पोचला नाही म्हणून बनुबाईचा मला फोन आला. मोटरसायकल घेऊन शोधत सुटलो तर पुलाखालच्या वडापावच्या गाड्याजवळ, खुर्चीवर बसलेला. "चल," म्हटलं, गप मागं बसला. घरी सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याला तीन कोट लख्ख आठवत होते. पूल, गाडा, खुर्ची, माझी मोटरसायकल, यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आणि पत्त्याला यायला तो तयार नव्हता.

आठवड्यानं बनुबाई पंपाचा स्टार्टर घेऊन दुकानात आली. स्टार्टरला काहीच झालं नव्हतं.

"भावजी, ह्येनी नुसतं भितीकडं बघून बसत्यात. तुमी बलवा की. आन् आलं तर..." ती थांबली. "जरा जिकू द्या त्येनला."

मी नानासोला आणि सिद्धूला सांगितलं. कुणीच नको म्हणालं नाही. सिद्धू तर हसल्याच्या पश्चात्तापानं अर्धा झाला होता. आम्ही तिघं घरी गेलो, सयाजीला उठवून आणला, आणि त्या दुपारी तो जिंकला. दुसऱ्या दिवशीही जिंकला. सिद्धू हातात एक्का असून दुर्री टाकायचा. नानासो आपल्या मेंढ्या आपणहून आमच्या कळपात हाकायचा. बाजी सयाजीचीच. चारेक आठवडे बरे गेले.

मग मला जाणवायला लागलं की सयाजी पानांकडं बघतच नाही. आमच्याकडं बघतोय. तो न हलणारा चेहरा, पापणीसुद्धा क्वचित लवायची. सिद्धूनं पान टाकायला जरा जास्त वेळ लावला की नजर सिद्धूच्या बोटांवर. आम्ही एकमेकांकडं पाहिलं की नजर आमच्या मधोमध. एकदा सिद्धू आणि नानासो लघवीला उठले तेव्हा तो म्हणाला, "आर्जुना, आमच्या हिचा फोन तुला कशाला येतो?"

"कवा?"

"बेस्तरवारी. म्या तिच्या फोनात बगितलं. सात मिण्टं बोललासा."

"मोटरीचं हुतं."

"मोटर चालू हाय आमची."

मी पानं पिसायला घेतली. त्यानं पुढं विचारलं नाही, आणि तेच जास्त टोचलं. नंतर बनुबाईनं सांगितलं, त्या दिवसांत तो घरीही असाच होता. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं कागदाशी ताडून बघायचा. ती परसात बोलत असली की खिडकीशी येऊन उभा राहायचा. गोठ्यामागं कुणीतरी माणूस उभा असतो असं म्हणायचा. तिनं जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. "तू गेलीस म्हंजे त्येला सावद केलास," असं म्हणाला.

आषाढातली गोष्ट. त्या दिवशी चौकट हुकूम होतं. सिद्धूनं बदामाचा एक्का टाकला. मी छक्की टाकली. जोडीदाराचा एक्का बघून नानासोनं सवयीनं बदामाची मेंढी दिली. शेवटचं पान सयाजीचं. बदाम हातात असेल तर बदामच टाकावा लागतो, नसेल तरच हुकमानं कापता येतं. सयाजीनं चौकट दुर्री टाकून हात कापला आणि मेंढी ओढून घेतली. चांगलं झालं, आम्ही मान डोलावली.

पुढच्याच हाताला त्यानं स्वतः उतारी केली. बदामाची राणी.

आम्ही तिघांनीही ती पाहिली. आत्ता बदाम नाही म्हणून कापलं, आणि आता बदामाची राणी. पूर्वी असं घडलं असतं तर सिद्धूनं चटई उलथली असती. एकदा या एका गोष्टीवरून ते दोघं दीड महिना बोलत नव्हते. आत्ता मी खाली बघितलं. नानासोनं तंबाखूची चंची काढली. सिद्धूनं बदामाची तिर्री टाकली, जसं काही झालंच नाही.

सयाजीनं हातातली पानं उलटी करून चटईवर मांडली. त्यात आणखी दोन बदाम होते.

"तीन बदाम हातात असताना कापलं म्या," तो म्हणाला. आवाज बारीक, पण एकेक शब्द तोलून. "जाणून. तिगांनीबी बगितलं. एकजण बोलला न्हाई."

"सयाजी, आमचं ध्यान नव्हतं..." मी.

"सिद्धू, तुजं ध्यान नव्हतं? तुजं?"

सयाजीला उठायला वेळ लागायचा. एरवी मी हात द्यायचो. त्या दिवशी हात पुढं केला तर त्यानं झिडकारला. खांबाला धरून उठला, चपला शोधल्या, आणि गेला. या वेळी नानासो लांबून त्याच्या मागं घरापर्यंत चालत गेला. सयाजीनं तीनदा मागं वळून बघितलं, असं नानासो नंतर म्हणाला.

मग दोन महिने तो आला नाही. नानासो भेटायला गेला तर दारातूनच विचारलं, "कुणी धाडलं तुला?" सिद्धू गेला तर दार लावून घेतलं. मी फोन केला की फोन बंद व्हायचा. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. थोरली मुलगी राजेश्वरी सांगलीला असते, ती श्रावणात त्याला घेऊन गेली. माणसांत राहतील, कृष्णेच्या घाटावर फिरतील, डॉक्टरही जवळ, असा तिचा हिशेब. पण सांगलीत त्याला एकही ओळखीचं तोंड नव्हतं. घाटावर बाकड्यावर बसला की मागं कोण बसलंय ते आधी बघायचा. रिक्षावाल्यानं नेहमीचा रस्ता सोडून दुसरीकडून नेलं तर उतरतो म्हणून हट्ट धरायचा. तीन आठवड्यांत तिनं परत आणून सोडला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. डॉक्टरांनी एक गोळी बदलून दिली, एक कमी केली. गोठ्यामागचा माणूस त्यानं गेला. आमच्यावरचा संशय नाही गेला. तो खोटा थोडाच होता!

बनुबाईनं शेवटी तोंड उघडलं ते गौरी-गणपती झाल्यावर. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही सांगणी जुळली. सयाजी म्हणाला होता, "तू त्यांस्नी सामील हायस."

"व्हय, हाय," ती म्हणाली. भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. "म्याच सांगितलं जिकू द्या म्हनून. म्याच गेले आर्जुनाभावजीकडं."

"का?"

"तुमी पुलाखाली हरावला हुता म्हनून. दोन तास. आन् दुसरंबी हाय, त्येबी सांगते. तुमी तितं गेला की मला दोन तास मिळत्यात. पाच वरसं झाली, घड्याळाच्या काट्याला बांधल्यागत झालंय माजं. ती दोन तास मला पायजे हुती. मी शेजारच्या विजूच्या वसरीला जाऊन नुसती बसत हुते. व्हय, तुमाला घराभायेर काडायचं हुतं मला."

सयाजी मला म्हणाला, ते दुसरं त्याला लगेच खरं वाटलं. इतकं अडचणीचं कुणी खोटं बोलत नाही. पण हरवलो होतो हे काही पटेना. चोवीस वर्षं नकाशे वाचलेला माणूस आपल्याच गावात कसा हरवेल? तो म्हणाला, "कोण म्हनतं हरावलो?"

"आर्जुनाभावजींना इचारा. त्येनीच आणलं."

"त्यो तुजाच मानूस. सामील नसलेला कोन हाय?"

तिनं विचार केला आणि सांगितलं, "पुलाखालची वडापाववाली. मी तिचं तोंडबी बगितलेलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळी चढून पाय जरा मोकळे झाल्यावर, तो एकटा पुलाखाली गेला. बनुबाई जाऊ देत नव्हती, पण बरोबर आली तर साक्ष बिघडेल म्हणून त्यानं तिला दारातच थांबवलं. पुलाखाली ट्रकवाल्यांची गर्दी. गाडा पल्लवी नावाच्या तरुण बाईचा, ती तिकडं वाठारची. सयाजीनं एक वडापाव मागितला आणि काही न विचारता उभा राहिला. आपण विचारलं तर ती आपल्या सोयीचं बोलेल, असा त्याचा डाव. तिनं वडा पावात घालताना वर बघितलं.

"काका, आता बरं हाय न्हवं?"

"मला काय झालं हुतं?"

"तुमी इतं आला हुता की उन्हाळ्यात. मला इचारलं, पठाणकोटची गाडी कवा लागती? मला वाटलं चेष्टा करताय. मग बगितलं तर तुमी लय घाबरला हुता. हात धरून बसवलं तुमाला. सारखं म्हनत हुता, रजा संपली, उशीर झाला, साब चिडतील."

सयाजीनं वडापाव घेतला. त्याचा हात इतका हलत होता की चटणी सदऱ्यावर सांडली. पल्लवीनं तीच खुर्ची पुढं ओढली आणि त्याला बसवलं. तिला आमच्यातलं कुणी ठाऊक नव्हतं, तिला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. आणि पठाणकोट तिला सांगणार कोण? त्या पोस्टिंगवर असताना त्याची आई वारली होती आणि त्याला रजा वेळेत मिळाली नव्हती, हे आम्हालासुद्धा त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"मला लय भ्या वाटलं त्या खुर्चीवर," तो मला पुढं एकदा म्हणाला. "तुमच्यावर संशय हुता तवर बरं हुतं. तवर चूक तुमची हुती. आता संशय माज्यावरच आला. मीच माजा साक्षीदार न्हाई ऱ्हायलो."

त्याच दुपारी तीन वाजता तो शेडमध्ये आला. आम्ही तिघंच होतो. चौथा नसल्यामुळं पत्ते कधीच बंद पडले होते, नुसते बसलो होतो. त्याला बघून सिद्धू उभाच राहिला.

"बसा," सयाजी म्हणाला. आम्ही बसलो. तो उभाच राहिला, खांबाला धरून.

"मला कंपवात हाय, त्ये तुमास्नी म्हाईत हाय. माजं डोस्कंबी चाललंय, त्येबी म्हाईत हाय. मला सोडून समद्यांना म्हाईत हुतं. इतनं पुढं माज्या माघारी काय ठरवायचं न्हाई. पान चुकलं तर तोंडावर सांगायचं. हुकूम धा येळा इचारला तर धा येळा सांगायचं. आन् सिद्धू, हसू आलं तर हस. पर मला जिकू द्यायचं न्हाई. म्या आयुष्यात फुकटची एक पट्टी लावली न्हाई दंडावर."

सिद्धू रडायला लागला. साठीचा माणूस, पंच्यानं डोळे पुसायला लागला. नानासो तसा नाही. त्यानं चुना मळत विचारलं, "आन् तू रागानं उठून गेलास तर?"

"तर माज्या मागं लांबनं यायचं न्हाई. बरूबर यायचं."

नानासोनं मान खाली घातली. मागं वळून बघणारा सयाजी त्याला पाहत होता, हे तेव्हा कळलं.

"समदं कबूल," मी म्हटलं. "पर आमी जिकू देत न्हाई ह्ये तुला कसं कळायचं? इस्वास ठेवावा लागंल."

"तेवडाच तर ऱ्हात न्हाई गड्या," सयाजी म्हणाला. "डाक्टर म्हनला, त्यो ह्या दुखन्यातच जातो."

मग त्यानंच तोड काढली. डाव संपला की पानं लगेच पिसायची नाहीत. दोन्ही बाजूंचे सगळे हात उलटून ओळीनं मांडायचे, आणि कुणालाही शंका असली तर विचारायची. तपासणी. सिद्धूनं एवढं लहान पान का टाकलं, नानासोनं मेंढी आधी का सोडली, उत्तर द्यायचं. दुपारी जिथं सात-आठ डाव व्हायचे तिथं तीन व्हायला लागले. सयाजी त्यातले दोन हरायचा. हरल्यावर शिव्या द्यायचा, अगदी पलटणीतल्या. आम्हीही द्यायचो. घसा खरवडून भांडलो त्या महिन्यात. माझी बायको पुढच्या दुकानातून ओरडायची, गिऱ्हाईक पळतंय म्हणून.

बनुबाईचे दोन तास आता उघड झाले. तीनला ती त्याला सोडते आणि "मी विजूकडं चालले," असं सांगून जाते. पहिल्या दिवशी सयाजीनं विजूला फोन लावून खात्री केली. दुसऱ्या दिवशीही केली. आता आठवड्यातून एखादा करतो. बनुबाई म्हणते, करू देत, लपवण्यापेक्षा बरं.

बरा होणारा आजार नाही हा. या हिवाळ्यात बोटांत पानं धरेनात, तेव्हा सिद्धूनं सागवानाच्या फळीला खाच पाडून आणली. पानं त्यात उभी राहतात. सयाजीनं दोन दिवस त्या फळीच्या मागं बोट फिरवून बघितलं, सिद्धूनं भोक पाडलंय का म्हणून. एखाद्या दुपारी मला कुणा वेगळ्याच नावानं हाक मारतो. मी सांगतो, "आर्जुना हाय म्या." तो म्हणतो, "तू कशावरून?" मी रिवाइंडिंगची तार दाखवतो. कधी पटतं, कधी नाही. न पटलं तरी बसतो, खेळतो.

मागच्या मंगळवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो. तपासणीला पानं मांडली होती. सयाजीनं एका हातावर बोट ठेवलं. किलवरचा राजा सिद्धूचा, म्हणजे हात त्यांचाच, आणि तरी नानासोनं त्यावर हुकूम घालून आपल्याच जोडीदाराला कापलं होतं. आणि किलवर त्याच्याकडं होता, पुढं टाकलेला दिसत होता.

"नाना, मला जिकू देतोस?"

"आईशप्पत न्हाई," नानासो म्हणाला. "किलवर दिसलाच न्हाई मला."

सिद्धू हसला. मीही हसलो. नानासो हसला नाही, आणि सयाजीही नाही, पण त्याचा चेहरा तसाही हसत नाही. पाच वाजता दोघं गेले. बनुबाई यायची होती. सयाजी मला जवळ बोलावून म्हणाला, "नाना खोटं बोलत न्हाई. म्या वळीकतो ती नजर. चार दिसांमागं त्येनं हुकूम दोन येळा इचारला, तू ऐकलास न्हाईस. त्येच्याकडं ध्यान ठेव."

नानासोचा मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याला कळवावं म्हणून मी नंबर काढला. मग ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तीनच्या आधीच नानासोच्या घरी गेलो, तो शेळ्यांना पाला टाकत होता, आणि त्यालाच विचारलं. हातातला पाला खाली ठेवून तो म्हणाला, "सयाजीला कळलं व्हय?"

"व्हय."

"मग सांगलीच्या त्या डाक्टरचं नाव इचार त्येला. आन् म्हनावं, संगं तूच चल."